14 जण, 5 दिवस: भंडारदरा ते हरिश्चंद्रगडचा बेत कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्या-ठाण्यातले जुने कॉलेजमित्र, घरच्यांसह 14 जण. सगळ्यांत लहान 11 वर्षांची मुलगी, सगळ्यांत मोठे एकाचे वडील, वय 67. निम्मे लोक दर रविवारी सिंहगड चढणारे, दोघांचे गुडघे कुरकुरणारे. डिसेंबरमध्ये 5 दिवस पायी भटकायचं आहे. डोंगर हवेत, पाणी हवं, जुनी देवळं आणि किल्ले हवेत. बेत ठरलाय तो असा: पहिल्या दिवशी कळसूबाई, मग रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड. सॅक पाठीवर, रोज नवा मुक्काम. जमेल का?

भाग अगदी बरोबर निवडलात. बेत मात्र पाच-सहा सवयीच्या ट्रेकर्सचा आहे, 14 जणांच्या गोतावळ्याचा नाही. त्यातल्या सहा जणांना तो जमेल, उरलेल्या आठ जणांना ओढत न्यावं लागेल, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीच कुणाशी धड बोलत नसेल. या भागात बरीच वर्षं गट घेऊन जातोय, त्यावरून सांगतो: सहल अवघड वाटेमुळे क्वचितच बिघडते. बिघडते ती वेगांमधल्या फरकामुळे. पुढचे थांबून थांबून कंटाळतात, मागचे आपल्यामुळे सगळे अडले म्हणून ओशाळतात. म्हणून मी रोजच्या दिवसात एक फाटा ठेवतो. ज्यांना वर जायचंय ते वर जातील. जे खाली राहतील त्यांच्यासाठी तितकंच पाहण्यासारखं काही हवं. नुसतं "तुम्ही इथे बसा, आम्ही येतो" याला फाटा म्हणत नाहीत. अकोले तालुका मला आवडतो तो याचसाठी. इथे गडाच्या पायथ्याशी हजारेक वर्षांपूर्वीचं देऊळ असतं, देवळापासून हाकेच्या अंतरावर पाणी असतं, आणि खाली राहिलेल्याचा दिवस वाया जात नाही.

आधी प्रदेश डोळ्यांपुढे आणा. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिम कोपरा. उत्तरेला कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. दक्षिणेला हरिश्चंद्रगड. मधे दोन नद्यांची खोरी: रतनगडाच्या कुशीतून निघणारी प्रवरा आणि तिच्या दक्षिणेला मुळा. पश्चिमेकडे सगळं एकदम कोकणात कोसळतं. यातला बराचसा भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजांविरुद्ध उठाव करून 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातले. तुम्ही ज्या घरांत जेवणार आहात त्यांच्या पूर्वजांनी हे डोंगर राखलेत, एवढं गटातल्या मुलांना आधी सांगून ठेवा. बोलण्याचालण्यात फरक पडतो.

डिसेंबर निवडलात ते उत्तम. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं ते खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या शेतीसाठी. पर्यटन हे त्याचं काम नव्हे. कालव्यांना आवर्तनं सुटत जातात तसा जलाशय उतरत जातो, आणि उन्हाळ्यात रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीच्या टोकाला पाण्याऐवजी भेगाळलेला चिखल दिसतो. डिसेंबरात पाणी अजून भरपूर असतं, आकाश स्वच्छ असतं, गवत सोनेरी झालेलं असतं. धबधब्यांची अपेक्षा मात्र ठेवू नका. धरणाच्या भिंतीखालचा अंब्रेला फॉल आणि पुढचा रंधा धबधबा हे दोन्ही पावसाचं किंवा सोडलेल्या पाण्याचं वैभव. फोटो पाहून डिसेंबरात गेलात तर कोरडा कातळ पाहून याल. सोनकीचे पिवळे गालिचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे, काजवे पावसाच्या तोंडावरचे. डिसेंबरचं आपलं म्हणजे थंडी. जलाशयाकाठी रात्री चांगलीच झोंबते. शहरातलं जॅकेट पुरत नाही, कानटोपी लागते.

आता कळसूबाई. ती गाळा. वाईट म्हणून नाही. वर देवीचं देऊळ आहे, चौफेर नजर जाते, आणि राज्याच्या माथ्यावर उभं राहिल्याचं समाधानही खोटं नसतं. पण पायथ्याच्या बारी गावाहून ती सरळ तंगडतोड चढाई आहे, वाटेत शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांपाशी रांग लागते, आणि फाटा कुठेच नाही. अर्ध्यातून परतणाऱ्याला दाखवण्यासारखं काही नाही. तुमच्यातल्या सिंहगडवाल्यांना ती पुढे कधीही रविवारी एका दिवसात करता येईल.

पहिला दिवस जमण्याचा. ठाणेकर कसारा घाट, इगतपुरी, घोटीवरून येतील; पुणेकर नारायणगाव, आळेफाटा, कोतूळ, राजूर असे. दोघांनी दुपारच्या जेवणाला शेंडीत भेटावं. शेंडी म्हणजे धरणाजवळचं गाव. इथे हॉटेलं आहेत, दुकानं आहेत. रोख रक्कम मात्र त्याआधीच काढून ठेवा, पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका. जेवणानंतर गाडीने रतनवाडीकडे निघा, आणि गावाच्या पाच-सहा किलोमीटर आधी सगळे उतरा. सामान गाडीतून पुढे जाऊ द्या. इथून तुम्ही जलाशयाच्या कडेकडेने डांबरी रस्त्यावरून चालत गावात शिरायचं. रस्त्यावर कसलं चालायचं, असं सिंहगडवाले म्हणतील. म्हणू द्या. हा दीड तास तुमच्या गटाची परीक्षा आहे. कुणाचा बूट चावतोय, कोण बोलता बोलता दोनशे मीटर मागे पडतं, कोण पाण्याची बाटलीच विसरलंय, हे सपाटीवर कळलं तर त्याच रात्री उपाय करता येतो. गडाच्या दुसऱ्या शिडीवर कळून उपयोग नसतो. शिवाय उजेड उतरताना अलंग, मदन, कुलंग हे किल्ले पाण्यापलीकडे रांगेत उभे दिसतात. त्या तिघांची नावं मुलीला इथेच पाठ करून टाका.

रतनवाडीत दोन रात्री. रोज मुक्काम हलवायचा हट्ट सोडा. 14 जणांनी सकाळी सामान बांधायचं म्हटलं की चहा-नाश्त्यासकट दोन तास जातात आणि ते दोन तास थंड हवेतले, चालायला सर्वांत चांगले असतात.

दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग रतनगडाचा. गडाची उंची सुमारे 1297 मीटर, गावापासून चढ साडेपाचशे मीटरच्या घरात. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम मांडला, जो आजही वापरतात: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. हा नियम एकट्या, तंदुरुस्त माणसासाठी आहे. मिश्र गटासाठी मी चढाईचा वेग थेट निम्मा धरतो, तासाला 300 मीटर, आणि वर थांबे. म्हणजे साडेतीन तास हातात ठेवा. पहाटे सहाला बॅटरीच्या उजेडात निघालात तर साडेनऊ-दहाला माथ्यावर.

पहिला तासभर वाट ओढ्याच्या संगतीने, दाट झाडीतून जाते आणि फारशी चढत नाही. हा भाग सगळ्यांनी एकत्र चालायचा, गुडघेवाल्यांनी आणि वडिलांनीही. डिसेंबरात ओढ्यात पाणी कमी असतं, दगड कोरडे असतात. नंतर चढ अंगावर येतो. इथे एक गोष्ट समजून घ्या. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार आणि पठार. म्हणून आपली वाट कधीच एकसारखी चढत नाही. खडा चढ, मग सपाटी, पुन्हा खडा चढ, असं चालतं. थांबा घ्यायचा तो सपाटीवर, चढाच्या अर्ध्यात नाही. चढाच्या मधोमध थांबलेला थकलेला माणूस उठताना दुप्पट थकतो.

पहिला चढ अंगावर यायच्या आधी फाटा. खाली राहणारे परत फिरतील, बाकीचे कात्राबाईकडे जाणारी वाट सोडून शिड्यांकडे जातील. गडाच्या कातळाला लोखंडी शिड्या आहेत. घाबरणाऱ्याला एकट्याला पाठवू नका. एक जण वर, एक जण लगेच खाली, आणि शिडीवर एका वेळी एकच. शिडीवर असताना कुणीही फोन काढायचा नाही, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे तिथे कुणाला एकट्याला सांगावं लागत नाही. वर गणेश दरवाजा, गुहा, पाण्याची टाकी, आणि सगळ्यांत वर नेढं. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भगदाड. सगळा गट त्यात बसू शकेल एवढं मोठं. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसरीकडून निघतो. इथून जलाशय आणि कळसूबाईची रांग दिसते, आणि त्र्यंबक दरवाजाच्या बाजूला खुट्टा नावाचा सुळका. तुमच्या दमदार मंडळींना आल्या वाटेने उतरायचं नसेल तर त्र्यंबक दरवाजाने उतरून साम्रदला जाता येतं, गाडी तिकडे बोलवायची. वाटाड्या सोबत असल्याशिवाय मात्र नको. खालच्या जंगलात ढोरवाटांचं जाळं आहे.

आता खाली राहिलेल्यांचं. खरं सांगायचं तर या दिवशी मला कधी कधी त्यांचाच हेवा वाटतो.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं मानतात आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. बहुतेक पर्यटक इथे दहा मिनिटं थांबतात. त्यांना काय दिसत असेल कोण जाणे. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. म्हणजे चार बाजूंनी चार उभे पट्टे पायथ्यापासून वरपर्यंत जातात, आणि त्यांच्यामधल्या जागेत शिखराच्याच छोट्या प्रतिकृती, माळेत मणी ओवावेत तशा, ओळीने लहान लहान होत वर चढतात. लांबून पाहा, मग जवळून, मग पुन्हा लांबून. मुलीला सांगा, एका ओळीत किती शिखरं आहेत ते मोज. देवळात पुढून आणि मागून, दोन्हीकडून शिरता येतं, ही चाल नेहमीची नाही. पावसाळ्यात पिंड पाण्याखाली जाते. आतल्या खांबांवर आणि छतावर कोरीव काम आहे, पण आत अंधार असतो. चांगली बॅटरी न्या आणि उजेड समोरून टाकू नका, कडेने टाका. तिरप्या उजेडात झिजलेली नक्षी उठून येते. सकाळचं कोवळं ऊन बाहेरच्या भिंतींवर हेच काम करतं, म्हणून खाली राहणाऱ्यांनी ओढ्याकडून साडेआठ-नऊपर्यंत देवळापाशी पोचावं.

देवळाजवळच गावाची पुष्करणी आहे, पायऱ्यांची, भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे कोनाडे, आणि त्यांत मूर्ती असलेली. तिच्या काठावर निवांत बसायचं, पाण्यात उतरायचं नाही. आणि या सगळ्या मुलखात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, विखुरलेले आहेत, कुठे देवळाच्या आवारात, कुठे नुसते झाडाखाली. वीरगळ वाचायचा खालून वर. खालच्या चौकटीत मेलेला वीर, त्यावर लढाई किंवा गुरं सोडवण्याचा प्रसंग, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. एवढं समजलं की 11 वर्षांचं पोर पुढचे सगळे दिवस दगड शोधत चालतं, आणि "अजून किती लांब" हा प्रश्न बंद होतो. वीरगळ उलथापालथ करून पाहायचे नाहीत, शेंदूर-हळद असेल तर हात लावायचा नाही. तो तिथल्या लोकांचा देव आहे.

दुपारी उरलेल्या वेळात साम्रदच्या सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन या. दोन्ही बाजूंना कातळ, मधे अरुंद घळ, ऊन जेमतेम आत येतं. आत पाण्याचे डोह आणि मोठाले धोंडे आहेत. दुखऱ्या गुडघ्यांनी तोंडावरूनच पाहावी. खाली उतरून जाणं हे दोराचं काम आहे आणि तुमच्या सहलीत ते बसत नाही.

साम्रदहून पुढे घाटघर जवळ आहे. तिथला कोकणकडा सूर्यास्ताला गाठा. गाडी कड्याजवळ जाते, त्यामुळे सगळे 14 जण बरोबर असतील असा हा दिवसातला दुसरा तुकडा. तिथे 250 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे, 2008 साली सुरू झालेला. विजेची गरज वाढते तेव्हा वरच्या तलावातलं पाणी कोकणातल्या तलावात सोडून वीज बनवतात, आणि गरज कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. गटात एखादा इंजिनिअर असतोच, त्याला बोलू द्या.

तिसरा दिवस मुक्काम बदलण्याचा. इथे तुमची कात्राबाई बसते, पण सगळ्यांसाठी नाही. चार-पाच जण, पक्के चालणारे, रतनवाडीचा वाटाड्या बरोबर घेऊन उजाडताच निघतील आणि कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरतील. प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात जाणारी ही जुनी वाट. सहा-सात तास लागतात, जंगल आहे, वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी. सॅक गाडीत, पाठीवर फक्त पाणी, खाणं, बॅटरी, एक गरम कपडा. दुपारी चारपर्यंत कुमशेत गाठायचंच. सहानंतर डिसेंबरात लगेच अंधारतं.

बाकीचे गाडीने राजूरमार्गे. राजूर ही या भागाची बाजारपेठ; पेढे प्रसिद्ध आहेत, इथे तुमची खरेदी होईल. मग अंबितच्या छोट्या धरणाच्या काठाने तासभर चाला. भंडारदऱ्यासारखा थाट नाही इथे, हॉटेल नाही, बोट नाही, आणि तीच इथली मजा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणी जपल्याबद्दल 2020 सालचा पद्मश्री मिळाला. त्यामुळे जेवताना पुढे आलेला भात कुठल्या जातीचा आहे ते विचारा. घरातली बाई हातातलं काम ठेवून सांगत बसेल. भाकरी नागलीची मागा. गव्हाची पोळी मागितलीत तर तीही करतील, पण तुमच्यासाठी मुद्दाम पीठ आणावं लागेल.

संध्याकाळी सगळे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत. इथेही दोन रात्री.

चौथा दिवस हरिश्चंद्रगडाचा, आणि या सहलीचा सगळ्यांत भरगच्च दिवस हाच. गडावर खिरेश्वराहून टोलार खिंडीतून येता येतं, नळीच्या वाटेने येता येतं, पण मिश्र गटाला पाचनईशिवाय दुसरी वाट नको. चढ सुमारे चारशे-साडेचारशे मीटर. वाट कड्याच्या पोटातून जाते, डोक्यावर कातळ पुढे आलेला, अवघड जागी रेलिंग. साताला निघालात तर आरामात चालत साडेदहापर्यंत देवळापाशी. वडिलांना आणि गुडघेवाल्यांनाही इथे न्या असं मी म्हणेन, पण दोन अटींवर: आधीचा दिवस त्यांनी हलका घालवलेला असावा, आणि दोन्ही हातांत काठ्या असाव्यात. गुडघे चढताना फारसे बोलत नाहीत, उतरताना बोलतात. खाली येताना काठीवर भार टाकून, लहान पावलं, वाट रुंद असेल तिथे तिरपं उतरायचं.

या दिवसाचा फाटा खाली गावात नाही, वर पठारावर आहे. देवळापासून गडाचा कोकणकडा (घाटघरचा वेगळा) पाऊण-एक तास, तारामती शिखर त्याहून चढाचं. ज्यांना दमायला झालंय त्यांनी देवळापाशी राहावं. तिथल्या झापांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, पिठलं-भाकरी मिळते आणि पाहायला इतकं आहे की दोन तास कमी पडतील. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ खळग्यात आहे, त्यामुळे आधी शिखराचा कळसच दिसतो. अवतीभवती कोरीव लेणी. चांगदेवांनी इथे तप केलं. देवळाच्या शिलालेखांत त्यांचं नाव आहे, आणि त्यांचा 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे 1312 च्या सुमारास, याच डोंगरावर लिहिला गेला. जवळच्या सप्ततीर्थ पुष्करणीच्या एका बाजूला ओळीने 14 छोट्या देवळ्या आहेत. तुम्हीही 14 जण, फोटो कुणालातरी सुचेलच.

मग केदारेश्वराची गुहा. मोठी पिंड पाण्यात, पाणी कमरेपर्यंत आणि डिसेंबरात हाडं गोठवणारं. चार खांबांपैकी एकच अखंड उरलाय. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा कोसळला की जग बुडणार, ही कथा तुम्हाला तिथे तीनदा ऐकवली जाईल. ऐका, मजेची आहे. पण गटातल्या मुलांना खांबाचा तळही दाखवा. सतत ओल धरणारा दगड कसा झिजतो ते तिथे नीट दिसतं. पाण्यात उतरण्याचा मोह हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी टाळावा.

कोकणकडा अंतर्वक्र आहे, म्हणजे काठ पुढे आणि पोट आत. काठावर उभं राहून तळ दिसत नाही, आणि दिसावा म्हणून वाकणारे लोक दर वेळी भेटतात. नियम एकच: शेवटचे दोन मीटर पोटावर झोपून. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथून इंद्रवज्र पाहिलं, म्हणजे धुक्यावर उमटलेलं गोल इंद्रधनुष्य आणि मधे आपलीच सावली. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं हवं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ते सकाळचं काम, आणि पावसाळ्याच्या आसपासचं. तुम्हाला डिसेंबरच्या दुपारी दिसणार नाही. सूर्यास्त दिसेल, पण सूर्यास्त पाहून पाचनईला उतरायचं म्हणजे रेलिंगची वाट अंधारात. मिश्र गटाने हे करू नये. दीडच्या सुमारास कड्यावरून परत फिरा, अडीचला देवळापासून सगळ्यांनी एकत्र उतरायला लागा, म्हणजे उजेडी गावात.

चालण्याची शिस्त दोन-तीन वाक्यांत सांगता येते, पाळायला चार दिवस लागतात. पुढे एक ठरलेला माणूस, त्याच्या पुढे कुणी नाही. मागे एक ठरलेला माणूस, त्याच्या मागे कुणी नाही. प्रत्येक फाट्यावर शेवटचा येईपर्यंत थांबायचं. यात एक अन्याय नेहमी होतो: पुढचे दहा मिनिटं बसतात, मागचा घामाघूम पोचतो, आणि "आले सगळे, चला" म्हणून पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची गरज होती त्यालाच ती मिळत नाही. म्हणून शेवटचा पोचल्यावर घड्याळ लावा, पाच मिनिटं त्याची. आणि मागच्या माणसाचं काम सिंहगडवाल्यांपैकी सर्वांत दमदार व्यक्तीला द्या. त्याला कामही मिळतं आणि वेगालाही लगाम बसतो.

आग्या मोहळांबद्दल गांभीर्याने सांगतो. सह्याद्रीत सापापेक्षा मला त्यांची जास्त काळजी वाटते. कड्याला पोळी लोंबताना दिसली की आवाज नाही, धूर नाही, दगड तर नाहीच. अत्तर, डिओ घरी. मोहोळ उठलंच तर हात झटकू नका, चेहरा आणि मान झाकून, पळता येईल तितकं जागेपासून लांब जा, कड्याच्या दिशेने मात्र नाही. ज्याला माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे हे माहीत आहे, त्याने डॉक्टरांना विचारून औषध बरोबर ठेवावं आणि ते कुठल्या खिशात आहे हे दोघांना सांगावं. रुग्णवाहिकेसाठी 108. पण फोनची रेंज ठिकठिकाणी जाते, म्हणून नेटवर्क कुठे मिळतं हे गावात शिरताच विचारून घ्या. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. सर्पदंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही न करता माणसाला शांत ठेवून थेट दवाखान्यात.

बायकांच्या सोयीबद्दल पुरुष आयोजक बहुधा विचारतच नाहीत. रतनवाडी आणि पाचनईत घर ठरवतानाच न्हाणीघर आणि संडास किती, हे फोनवर विचारा. 14 जणांना एक पुरत नाही. दोन घरं शेजारी शेजारी घ्या. गडावर सोय नाही असं धरूनच चाला, आणि सॅनिटरी पॅड, टिश्यू, सगळं झिपच्या पिशवीत खाली आणायचं.

पाचवा दिवस परतीचा, पण रिकामा नको. पुणेकरांनी खिरेश्वराला वळसा घालावा: पिंपळगाव जोगे धरणाचा फुगवटा आणि काठाजवळचं नागेश्वराचं देऊळ, ज्याच्या छताकडे मान वर करून पाहायचं असतं. ठाणेकरांकडे वेळ असेल तर अकोल्याजवळ टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची, म्हणजे देखण्या स्त्रियांची शिल्पं, आत कोरलेलं छत. सिन्नरचं गोंदेश्वर त्याहून मोठं आणि जास्त सुस्थितीत आहे, पण वाकडी वाट आहे. अमृतेश्वर पाहून ज्याला भूमिज शिखराची चटक लागली असेल त्याने ते वेगळ्या दिवशी, एकटं पाहावं.

वाराचं गणित शेवटी सांगतो, पण तारीख ठरवताना ते आधी करा. रविवारी दुपारी शेंडीत जमा आणि गुरुवारी परता. शनिवारी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ तंबूंचं गाव उभं राहतं, रात्रभर स्पीकर चालतात. बुधवारी तोच कडा तुमचा एकट्यांचा असतो. नाताळ ते 1 जानेवारी हा आठवडा पूर्ण टाळा. अभयारण्यातल्या प्रवेशाचे आणि मुक्कामाचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी वनखात्याकडे चौकशी करा आणि नाक्यावर पावती घ्या. वाटाड्याची मजुरी आणि जेवणाचा दर आधी ठरवा. ठरल्यावर घासाघीस करू नका. निघायच्या दोन दिवस आधी दोन्ही घरांना फोन करून नक्की आकडा कळवा, आणि 14 चे 11 झाले असतील तर तेही सांगा, कारण किराणा त्यांना राजूरहून किंवा शेंडीहून आणावा लागतो.